पतसंस्थेच्या गुन्ह्यात नाव आलं तर : सांगलीतल्या एका फौजदारी वकिलांचा अनुभव

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, म्हणून नाव देत नाही. सांगलीत विजयनगरच्या कोर्टात असतात, फौजदारी बघतात, आणि त्यातही पतसंस्था, ठेवीदार, अपहार अशी प्रकरणं जास्त.

माझा धाकटा भाऊ एका पतसंस्थेत लेखनिक होता. ठेवीदारांना न विचारता त्यांच्या पावत्यांवर ठेवतारण कर्जं उचलली गेली. लेखापरीक्षकांनी फिर्याद दिली आणि चेअरमन, संचालक, व्यवस्थापक यांच्या खाली भावाचंही नाव आलं. भादंवि (भारतीय दंड संहिता) ४०९ म्हणजे विश्वासघात, ४२० म्हणजे फसवणूक, ३४ म्हणजे समान इरादा, आणि एमपीआयडी या ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या महाराष्ट्राच्या कायद्याचं कलम ३. व्यवहार १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू होण्याआधीचे, म्हणून कलमं जुनी. अटकपूर्व जामिनाचा अर्ज मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली.

त्या आठवड्यात घरी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी सुचवत होता. एकजण म्हणाला, तपास अधिकारी ओळखीचे आहेत, रोख द्या, नाव काढून घेऊ. भावाच्या सासरहून निरोप, की घर बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. या वकिलांनी पहिल्याच बैठकीत दोन्ही बंद केलं. "ताई, गुन्हा दाखल झाल्यावर केलेलं बक्षीसपत्र म्हणजे लपवाछपवीचा पुरावा. एमपीआयडीत असं हस्तांतरण झालं तरी जप्तीचा हात तिथवर पोचतो." मोबाईलमधला एकही मेसेज पुसायचा नाही आणि कुणालाही माफीचं पत्र लिहून द्यायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलं. निकालाची खात्री मात्र त्यांनी दिली नाही. मला तेच पटलं.

त्यांचं खरं काम कागदांवर आहे. कर्जाच्या फायलींच्या झेरॉक्स टेबलावर पसरून ते प्रत्येक व्हाउचरवर बोट ठेवत गेले. 'तयार करणार' या रकान्यात भावाची सही. 'मंजूर' या रकान्यात व्यवस्थापक आणि चेअरमन. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वहीत, मंजुरीचे ठराव, त्यात भाऊ कुठेच नाही. मग त्यांनी हजेरीपत्रक मागितलं. काही नोंदी भाऊ रजेवर असतानाच्या निघाल्या, त्याच्याच लॉगिनने केलेल्या. शाखेत सगळ्यांचे पासवर्ड सगळ्यांना माहीत असायचे, हे भावाने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. वकिलांनी त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला, की सॉफ्टवेअरचा लॉग, म्हणजे कुठल्या लॉगिनने कधी काय केलं याची नोंद, जतन करून पंचनाम्यासह ताब्यात घ्यावा. संस्थेवर प्रशासक आला की जुना सर्व्हर कुठे जातो ते कुणालाच सापडत नाही, असं ते म्हणाले.

जामिनाच्या सुनावणीत त्यांचा मुद्दा नेमका होता. ४०९ म्हणजे लोकसेवक, बँकर, एजंट यांनी केलेला विश्वासघात, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. नोकरासाठी वेगळं कलम ४०८, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. पगारी लेखनिकाला संचालकांच्या पंक्तीत बसवून ४०९ लावलं की ७ वर्षांची मर्यादा ओलांडली जाते, आणि ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सुप्रीम कोर्टाच्या 'अर्नेश कुमार' निकालाने (२०१४) सरसकट अटकेला घातलेला लगामही सुटतो. ठेवी भावाच्या ताब्यात सोपवलेल्याच नव्हत्या, मग विश्वासघात कशाचा, हा दुसरा मुद्दा. अटकपूर्व जामीन अटींसह मिळाला. दोषारोपपत्र दाखल झालंय, दोषमुक्तीचा अर्ज प्रलंबित आहे.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. ठेवीदारांत आमची सख्खी मावशी आहे, तिची आयुष्यभराची शिल्लक त्या संस्थेत होती. या वकिलांनी ठेवीदारांविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट पैसे कुठे गेले ते कागदांवरून पुढे आलं तर तुमचाही बचाव होतो आणि मावशींचाही फायदा, असं सांगून भावाला चौकशीला प्रत्येक वेळी हजर राहायला लावलं. मावशी अजून आमच्याकडे येते-जाते, याचं श्रेय मी त्यांना देते.

कमी काय? दिवसभर फोन लागत नाही, संध्याकाळी सातनंतर ऑफिसातच गाठावं लागतं. एका तारखेला नुसता ज्युनिअर आला आणि त्याला फाईलच ठाऊक नव्हती. त्या दिवशी मी खूप चिडले आणि तसं तोंडावर सांगितलं. त्यानंतर मात्र असं झालं नाही. फी कमी नाही, पण नोटीस, जामीन आणि खटला अशा तीन टप्प्यांची वेगवेगळी लिहून देतात आणि पावतीही देतात. सहकार खात्याची कलम ८८ ची चौकशी, म्हणजे संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी ठरवणारी, ते घेत नाहीत, त्यासाठी वेगळा वकील बघावा लागतो. दोन्हीकडे दिलेला जबाब जुळलाच पाहिजे, म्हणून त्या वकिलांशी ते स्वतः बोलतात.

जाताना नेमणूकपत्र, कामवाटपाचे आदेश, पगारपत्रकं आणि रजेचे अर्ज घेऊन जा. चेक बाऊन्सच्या साध्या प्रकरणाला मात्र ते महाग पडतील. १३८ ची नोटीस हातात पडल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात, तेवढ्यात योग्य ते उत्तर कुठलाही बरा वकील देऊ शकतो.