सातबाऱ्यावर नाव एकाचं, जमीन सगळ्या भावकीची

राजापूर तालुक्यात तुम्ही कलमं लावायला जागा बघताय अशी कुणकुण लागली की दलाल घरी येऊन बसतो. आमच्याकडेही आला. सड्याखालची जागा, चारी बाजूंनी चिऱ्याचा जुना गडगा, आत बांधलेली विहीर. सातबारा स्वच्छ: मालक एक, बोजा नाही, इतर हक्कात कुळ नाही. कोकणात एका नावाचा सातबारा म्हणजे लॉटरीच. एरवी उताऱ्यावर अख्खी भावकी, त्यातले निम्मे मयत आणि उरलेले विरार-नालासोपाऱ्याला.

खरेदीखत रीतसर नोंदवलं. मुद्रांक शुल्क, फोटो, अंगठे, सगळं झालं. फेरफारही, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, मंजूर झाला. गणपतीला विकणाऱ्याचे चुलतभाऊ मुंबईहून आले, गडग्याच्या आत कलमांसाठी मारलेले खड्डे बघितले, आणि पंधरवड्यात वकिलाची नोटीस हातात.

मेख जुन्या फेरफारात होती. विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावापुढे तिथे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलंय. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव त्यांचं, जमीन सगळ्या भावांची. वडील वारल्यावर वारसनोंद करताना या गृहस्थाने फक्त स्वतःचं नाव चढवून घेतलं आणि ती अक्षरं उताऱ्यावरून गेली. त्याला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर नोटिशीला त्याच्याच अक्षरातलं पत्र जोडलेलं: ‘आपल्या सामायिक जागेचा गडगा ढासळला आहे, प्रत्येकाने वर्गणी पाठवावी.’

पोलिसांनी अर्ज घेतला आणि ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ म्हणून वाटेला लावलं. कोर्टात भावांनी आधीच वाटपाचा दावा लावलेला, आमचं खरेदीखत त्यांच्या हिश्शांवर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागितलेलं, आणि दावा चालेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूमही मिळवलेला. खड्डे तसेच राहिले.

दिवाणी कोर्ट ठकाला शिक्षा करत नाही. कुणाचा हक्क किती ते ठरवतं, कुणाला रोखायचं ते सांगतं, पैसे द्यायला लावतं. तेही जो मागेल त्याला आणि जेवढं मागेल तेवढं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे का हा निवाडा तो करत नाही. सातबारा मुळात महसुलाचा कागद. उलट सिद्ध होईपर्यंत तो खरा धरतात, पण त्याने मालकी मिळत नाही. म्हणून नुसत्या चालू सातबाऱ्यावर जाऊ नका. त्यावरचे सगळे फेरफार क्रमांक काढा, पार पहिल्या नोंदीपर्यंतच्या नकला मागा आणि वारसनोंदीत कोण गळलंय ते गावात बसून विचारा. दलाल म्हणेल, ‘त्याची काय गरज?’ तिथेच थांबा.

आमचे पैसे पूर्ण बुडाले असंही नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 44 प्रमाणे सहहिस्सेदार आपला हिस्सा विकू शकतो, त्यामुळे त्याचा जेवढा हिस्सा निघेल तेवढा आमचा. मात्र तो नेमका कुठल्या कोपऱ्यात, हे वाटप झाल्याशिवाय कळत नाही. शिवाय शेतजमीन असल्याने कोर्टाने हिस्से ठरवले तरी जागेवर मोजून वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायची. उरलेल्या रकमेसाठी विकणाऱ्यावर वेगळी मागणी आहे. त्याचं घर बायकोच्या नावावर झाल्याचं कानावर आलंय. निकालाआधी जप्तीचा अर्ज दिलाय.

दरम्यान आमच्या वकीलबाईंनी प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं सुचवलंय. तिथली तडजोड हुकूमनाम्याइतकीच पक्की, तिच्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. दोघे भाऊ वरच्या अंगाची जागा आम्हाला सोडायला तयार आहेत. तिसरा म्हणतो, विहीर कुणाच्या वाट्याला ते आधी लिहून द्या, मग सही.