खंड्याच्या दाढेचा एक्स-रे : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या सप्टेंबरात आमच्या खंड्याच्या दातांचा एक्स-रे काढला. तेव्हाच लिहिणार होते, पण म्हटलं आधी सूज परत येते का ते बघू. आता मे लागला, सूज आलेली नाही.

खंड्या गावठी कुत्रा, वय ७. पावसजवळ आमचं घर, मागे आगर. माडाखालची करवंटी उचलून आणायची आणि पडवीत बसून कडाकडा फोडायची, हा त्याचा लहानपणापासूनचा उद्योग. आम्हाला त्याचं कौतुकच होतं. गेल्या जूनमध्ये त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गांधीलमाशी डसली असेल गो." डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, सूज उतरली. तीन आठवड्यांनी परत आली, परत गोळ्या. ऑगस्टमध्ये गाठ फुटली, डोळ्याखाली बारीक भोक पडून पू वाहायला लागला. एवढं होऊनही त्याने जेवण सोडलं नव्हतं. भात-मासे रोजच्यासारखे संपवायचा, फक्त मान डावीकडे कलती करून. ती कलती मान मी रोज बघत होते आणि मला उमगलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

एक मुद्दा मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आमचे तीन महिने त्यातच गेले. एक्स-रे आम्ही जुलैतही काढला होता. एका दवाखान्यात मोठ्या मशीनवर, डोकं आडवं ठेवून. "काही दिसत नाही," असं सांगितलं गेलं आणि आम्ही निश्चिंत झालो. पण अशा फोटोत डाव्या-उजव्या बाजूच्या दाढा एकमेकींवर येतात, वर कवटीची हाडं. एका दाढेच्या मुळाशी काय चाललंय ते त्यात सहसा कळत नाही. दाताचा एक्स-रे वेगळा. त्यात काड्यापेटीएवढी छोटी प्लेट तोंडाच्या आत ठेवतात आणि बाहेरून नेमक्या त्या दाताचा फोटो घेतात. तेव्हा डॉक्टरांनी "एक्स-रे काढू" म्हटलं की प्लेट तोंडात ठेवणार का, एवढं विचारून घ्या.

ती सोय मला तेव्हा जवळपास कुठे सापडली नाही. शेवटी कोल्हापूरला एक दवाखाना मिळाला. दादाने पहाटे गाडी काढली, साखरप्यापासून धो धो पाऊस, आंबा घाटात धुकं. खंड्या रात्रीपासून उपाशी, कारण या एक्स-रेला पूर्ण भूल लागते. जागं जनावर प्लेट तोंडात धरून स्वस्थ बसणार नाही, चावून फोडेल. आधी रक्ततपासणी झाली, हृदय तपासलं. भुलीची भीती मला खूप होती, ती लपवत नाही. पण मशीनवर त्याचा श्वास आणि ठोके सतत बघणारा माणूस शेजारी होता, त्यामुळे धीर आला.

कुत्र्याला ४२ दात. डॉक्टरांनी सगळ्यांचे फोटो घेतले आणि मला पडद्यासमोर बोलावून दोन शेजारी-शेजारी लावून दाखवले. डावी वरची मोठी दाढ आणि उजवी. या दाढेला तीन मुळं असतात. डावीच्या मुळातली नळी दोऱ्यासारखी बारीक, उजवीची चांगली रुंद. मी अडाण्यासारखं विचारलं, रुंद म्हणजे चांगली ना? ते म्हणाले, जिवंत दात वयाबरोबर आतून भरत जातो, नळी अरुंद होत जाते. जी रुंदच राहिली तो दात केव्हाचा मेलाय. मुळाच्या टोकाशी काळसर गोल डाग होता, तिथलं हाड विरघळलं होतं. पू तिथून वर चढत होता. बाहेरून बघाल तर दाढेचा एक टवका उडालेला, बाकी दात घट्ट आणि पांढरा. टवका बहुधा करवंटीनेच उडाला.

रूट कॅनॉल करून दाढ वाचवता येते, पण त्यानंतर पुन्हा भूल देऊन एक्स-रेने तपासत राहावं लागतं. एवढ्या लांबून ते झेपलं नसतं. काढायचं ठरलं. दाढेचे तीन तुकडे करून एकेक मूळ काढलं आणि टाके घालण्याआधी परत एक्स-रे. त्यात एका मुळाचं टोक आत राहिलेलं दिसलं! तेही काढलं. हा दुसरा फोटो घेतला नसता तर आम्ही दात काढून समाधानाने घरी आलो असतो आणि आत गळू तसंच धुमसत राहिलं असतं. माझ्या लेखी सगळ्या खर्चातली सर्वांत मोलाची गोष्ट ही.

खर्च भूल, तपासण्या, एक्स-रे, दाढ काढणं धरून १४,००० च्या आसपास. आमच्यासारख्यांना हे थोडं नाही. पण आधीच्या तीन महिन्यांत गोळ्या, फेऱ्या आणि तो मोठा एक्स-रे यांतही बरेच गेले होते, आणि दुखणं जिथल्या तिथे.

नंतर वाचनात आलं, कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी १९९८ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. नुसतं तोंड तपासून ज्यांच्यात काही वावगं दिसलं नव्हतं, अशा कुत्र्यांपैकी २७.८ टक्के आणि मांजरांपैकी ४१.७ टक्के जनावरांत एक्स-रेने महत्त्वाचं काही सापडलं. खंड्याची मान आठवली की यात आश्चर्य वाटत नाही.

दहा-बारा दिवस मऊ भात आणि काटे काढलेले मासे दिले. महिनाभरात तो उजव्या गालावर टेकून झोपायला लागला. तो त्या कुशीवर झोपणं कधी बंद झाला होता, हेही आमच्या लक्षात आलं नव्हतं. करवंटी, नळीची हाडं बंद. नख दाबून वण उठत नाही एवढं कडक काहीही चघळायला देत नाही. रात्री कुत्र्यांच्या पेस्टने दात घासते. माणसांची पेस्ट वापरू नका, काहींमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे.

आता पाळी मनीची. तिच्या खालच्या दाढेवर हिरडीलगत लालसर ठिपका दिसतोय. मांजरांत दात विरघळण्याचा आजार बराच आढळतो. मूळ शाबूत असेल तर अख्खा दात काढायचा, मूळच हाडात विरून गेलं असेल तर नुसता वरचा भाग काढला तरी चालतं, आणि ते ठरतं एक्स-रेवरच. पाऊस लागायच्या आत घाट चढायचा आहे. दादाला गाडी सांगून ठेवली आहे.