नंबर झाकलेले बाण आणि माझे २३,३०० रुपये

मुलांच्या तिरंदाजीसाठी नंबर झाकलेला बाण घेऊ नका. इंजिन नंबर खोडलेली दुचाकी कोणी घेतं का? गाडीच्या बाबतीत आपल्याला कळतं, बाणाच्या बाबतीत कळत नाही, आणि अशा माणसांचा सगळा धंदा त्या न कळण्यावरच चालतो.

रक्कम आधी सांगून टाकते. बारा 'इम्पोर्टेड प्युअर कार्बन' बाण, एकाचे १,१५०, म्हणजे १३,८००. 'कटिंग आणि सेटिंग'चे १,५००. लेकीच्या बोच्या, म्हणजे धनुष्याच्या, नव्या लिम्ब्ससाठी (वरची-खालची वाकणारी पाती) आगाऊ ८,०००, आणि ती लिम्ब्स आजतागायत आलेली नाहीत. एकूण २३,३००. घरी नवऱ्याला मी १५,३००च सांगितले होते. बाकीचे त्यालाही इथंच कळतील.

माणूस मैदानाच्या गेटबाहेर रविवारी गाडीची डिकी उघडून उभा असायचा. माजी खेळाडू, असं स्वतःच सांगायचा. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: शेवटचा सेट उरलाय, दुसऱ्या पालकांनी धरून ठेवलाय, तुमच्या मुलीच्या हातात खरंच टॅलेंट आहे म्हणून तुम्हाला देतो. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून आपल्याकडे पालकांच्या डोळ्यांपुढे तेच आहे, आणि हा दर दोन वाक्यांमागे साताऱ्याचं नाव घ्यायचा. ते दोघंही चाकं लावलेला कंपाउंड बो चालवतात, माझी मुलगी बिनचाकांचा रिकर्व्ह, दोन्हींच्या बाणांचं गणित वेगळं, हे मला तेव्हा कोण सांगणार?

आता त्या क्षणाबद्दल. बाणाच्या मागच्या बाजूला, व्हेन्सखाली (व्हेन्स म्हणजे बाणाची पिसं), रंगीत स्टिकर गुंडाळलेला असतो, त्याला रॅप म्हणतात. निऑन गुलाबी, मुलीला बघताक्षणी आवडला. त्यावर सुबक अक्षरात १००० छापलेलं. पण एका बाणावर रॅप जरा वर सरकला होता आणि कडेखालून नळीवरच छापलेली दोन शून्यं दिसत होती. मी विचारलं, हे काय? त्यानं बाण माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि म्हणाला, "लॉट नंबर आहे ताई." तोवर 'मॅडम' चालू होतं, तिथून 'ताई' झालं. मी बँकेत काम केलेली बाई आहे, खाडाखोड केलेला चेक मी लांबून ओळखते. पण मागे रांग, उन्हात उभी पोरगी, आणि हा 'ताई ताई' करतोय. अशा वेळी स्टिकर सोलून बघणारी बाई पुण्यात तरी मला भेटलेली नाही. तरीही ती दोन शून्यं अजून डोळ्यांसमोर येतात आणि डोकं फिरतं.

कारण त्या शून्यांच्या आधी ५ होता.

स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचं माप. नळी २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध १.९४ पौंड, म्हणजे साधारण ८८० ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच वाकली तर स्पाइन ५००, एक इंच वाकली तर १०००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण मऊ. हे उलटं आहे, आणि नवख्या माणसाला उलटंच वाटणार. मुलीचा बो २२ पौंडांचा, पण ते पौंड २८ इंच ओढल्यावरचे असतात. ती ओढते २६ इंच, आणि इंचामागे साधारण दोन पौंड कमी होतात, म्हणजे हातात जेमतेम १८. एवढ्याशा ताकदीला १००० किंवा त्याहूनही मऊ बाण हवा. तिला मिळाला ५००चा, मोठ्या माणसाच्या जड बोला लागतो तसा.

उजव्या हातानं मारणाऱ्याचा बाण जास्त ताठ असेल तर तो डावीकडे जातो. तिचे सगळे डावीकडे जायचे. आणि आम्ही काय केलं? तिचं रिलीज, म्हणजे दोरी सोडणं, सुधारलं, कोपर सुधारलं, खांदा सुधारला, कितीतरी आठवडे. घरी येऊन ती आरशासमोर उभी राहायची, "आई, माझं बोट अडकतंय का बघ." तेरा वर्षांची मुलगी. २३,३०० जाऊ देत, याचा हिशोब त्या माणसाकडून कोण घेणार?

शेवटी तिच्या सरांनी दोन बाणांच्या व्हेन्स काढून तसेच मारून बघितले, ते आणखीनच डावीकडे गेले. मग मी घरी केस वाळवायच्या मशीननं रॅप गरम करून सोलला. ५००. बाराही बाणांवर. टोकाचा पॉइंट तापवून काढला तर नळीच्या कापलेल्या कडेला वर काळा पातळ थर आणि आत पांढरट फायबरग्लास. 'मिक्स कार्बन' म्हणतात याला. डब्याच्या फोटोसकट हेच बाण मला नंतर ऑनलाइन ३,६०० रुपये डझन दिसले.

कटिंग फुकट नसतं आणि निष्पापही नसतं. त्यानं सगळे बाण तिथल्या तिथे साडेसत्तावीस इंचांवर कापून दिले. कापला की बाण आणखी ताठ होतो, शिवाय 'कापलेला माल परत घेत नाही' म्हणायची सोय होते, आणि २८ इंचांच्या टेकूवर तो बसतच नसल्यामुळे वर सांगितलेली चाचणीसुद्धा घेता येत नाही. कापलेले तुकडे मी मागितले होते, मुलीला दाखवायला. म्हणाला फेकले. तुकडे मागा, कापलेल्या कडेला आतला माल दिसतो. देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

एक बाण तर तडकला. कार्बनचा बाण तडकलेला असताना सोडला तर तो फुटून त्याच्या टोकदार ठिकऱ्या हातात घुसू शकतात. मारण्याआधी प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवायचा आणि पिळायचा, करकर ऐकू आली तर तो बाण बाद. हे मला मुलीच्या हातात बाण देताना त्या 'माजी खेळाडू'नं सांगायला नको होतं?

आता आपली व्यवस्था. चौकीत गेले. धनुष्यबाण म्हटल्यावर दोघंही हसायला लागले. "कुठल्या गटाचा, मॅडम?" हसून झाल्यावर म्हणाले, माल मिळालाय ना, मग हा दिवाणी मामला. मी म्हटलं, खोटा नंबर चिकटवून विकणं म्हणजे फसवणूक, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. तर म्हणे, "एवढं माहितीये तर वकीलच करा." अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोचेसाठी परत गेले तर साहेब बंदोबस्ताला. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोरासमोर उभं राहून क्यूआर स्कॅन केलात, यात सायबर काय? बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. मी ज्या खुर्चीत इतकी वर्षं बसले त्याच खुर्चीतून एक पोरगा मला हे सांगत होता. क्यूआर कुठल्या तरी बाईच्या नावाचा होता, ती कोण, हे गोपनीय. क्लासचे संचालक म्हणाले, गेटबाहेरचं आमच्याकडे येत नाही. आत उभ्या आमच्या गाड्यांचं पार्किंग मात्र त्यांच्याकडे येतं, दर महिन्याला.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, तक्रार ऑनलाइन करता येते. सगळं छान. फक्त समोरच्याचा पत्ता लागतो. बिल नसलं तर पत्ता कुठून आणणार? "बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल ताई," हे वाक्य ऐकू आलं की पैसे खिशात ठेवा.

आणि पहिलं वर्ष तरी डझनभर भारी कार्बन कशाला हवेत, क्लासचेच वापरा. लिम्ब्स बदलतात, मुलं वाढतात, ओढायची लांबी बदलते, बाण बाद होतात. घ्यायचेच तर मुलाच्या ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांब घ्या. बाण आखूड पडला आणि रेस्टवरून, म्हणजे बोवर तो टेकतो तिथून, मागे घसरला तर थेट हातावर. एक-दोन बाण आधी मारून बघा, सोनाराकडे बारा बाण वजन करून बघा. आमच्या डझनात सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड बाणात तीन ग्रॅमचा फरक निघाला, बाणाच्या वजनाच्या मापात जवळजवळ ४६ ग्रेन, म्हणजे टोकाच्या १०० ग्रेनच्या पॉइंटच्या निम्मा.

त्याचा नंबर आता बंद आहे. दुसऱ्या मैदानाबाहेर तो उभा असतो असं ऐकते, रॅप या वेळी निळे आहेत म्हणे. कोणी त्याच्याकडून घेतले असतील तर पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि रॅप लावलेला एक तरी बाण जपून ठेवा, सोलू नका. मी सगळे सोलून बसले आहे आणि चौकीत विचारतात, १००० लिहिलेलं होतं याला पुरावा काय? चार-पाच जण मिळून गेलो तर निदान पोच तरी देतील.