ओपन वॉटर कार्ड : दहा महिन्यांनंतरचा माझा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला स्कूबाचा, म्हणजे पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याचा, ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला. कार्ड हातात येऊन आता दहा महिने झाले. मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं तरी गोंदियाला उतरेपर्यंत दुसरा दिवस निघून जातो. पण आमचा भाग तलावांचा. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पाळीवरून उड्या मारतच मी पोहायला शिकले. पाण्याची भीती अशी कधी नव्हतीच. पोहता येतं म्हणजे हेही जमेल, असं इन्स्ट्रक्टरनं धरून चाललं आणि मीही.

सेंटरचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती, पण घाईत होती. आम्ही सहा जण, दिवस तीन. पहिल्या दिवशी पूलमध्ये पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, परत घालायचा आणि नाकानं हवा सोडून आतलं पाणी बाहेर काढायचं. मी नाक चिमटीत धरून कसाबसा मास्क चढवला. तो अर्धा भरलेलाच होता. इन्स्ट्रक्टरनं ओकेची खूण केली आणि तो पुढच्याकडे वळला. संध्याकाळी त्या स्किलसमोर मी सही केली. ते मला आलेलं नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी केली. पाढे न येणाऱ्या पोराला नुसतं पुढच्या वर्गात ढकललं की पाचवीत त्याचे काय हाल होतात, हे मी दरवर्षी बघते.

मेडिकल फॉर्मची चूक तर याहून मोठी, आणि ती सर्वस्वी माझी. लहानपणी मला दमा होता. फॉर्मवर त्या प्रश्नाला 'हो' लिहिलं की डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि सणासुदीत डॉक्टर कुठे शोधायचा? 'सगळीकडे नाही लिहा मॅडम,' कोणीतरी म्हणालं आणि मी लिहिलं. श्वासनलिका आवळलेली असेल तर वर येताना फुगणारी हवा फुप्फुसात अडकते, म्हणून तो प्रश्न असतो. हे मी नंतर वाचलं. पुस्तक आधीच दिलेलं होतं, मीच ते परतीच्या गाडीत उघडलं. त्यातच कळलं की बऱ्याच डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यायचे असतात आणि उंच घाट चढतानाही तोच विचार करावा लागतो. मी दुपारी शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढून कोल्हापूरला आले होते. काही झालं नाही, हे नशीब.

मे महिन्यात परत गेले, दुसऱ्या सेंटरकडे. साधारण 12 मीटरवर कोणाच्या तरी पायातला फिन लागून माझा मास्क सरकला आणि पाणी भरलं. नाकात पाणी गेलं. डोळे मिटले आणि डोक्यात एकच : वर. 10 मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथून श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. तोंडपाठ होतं सगळं. तरी पाय मारायला लागले होते. गाइडनं माझं बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जॅकेट, घट्ट धरलं, दुसऱ्या हातानं माझा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची तोंडातली नळी, तोंडात दाबून ठेवला आणि मी तीन-चार श्वास घेईपर्यंत सोडलं नाही. मग हळूहळू वर, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून.

बोटीवर मी त्यांना खरं सांगितलं, मास्कचं आणि दम्याचंही. त्यांनी पुढच्या डाइव्ह तिथेच रद्द केल्या. नागपूरला छातीच्या डॉक्टरांकडून फुंकायची तपासणी करून, पत्र घेऊन या, म्हणाले. राग आला नाही. उलट पहिल्यांदा कोणीतरी नीट शिकवतंय असं वाटलं. पत्र मिळालं, आणि त्याच महिन्यात सीझन संपायच्या आत पुन्हा एवढा प्रवास केला. कंबरभर पाण्यात अकरा वेळा मास्क काढला-घातला. सातव्या वेळेपासून नाक धरावं लागलं नाही. पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधतात ती शिशाची वजनंही तपासली. पहिल्या कोर्समध्ये मला 8 किलो बांधलं होतं, लागतं 5 किलो. तीन किलो जास्तीचं शिसं घेऊन मी तरंगायला धडपडत होते आणि हवा लवकर संपते म्हणून स्वतःला दोष देत होते. आता सिलिंडरमधल्या हवेचा दाब 200 बारवरून 100 वर आला की मीच खूण करते, गाइडनं विचारायची वाट बघत नाही.

ऑगस्टमध्ये शेजारच्या गावातला एक तरुण तलावात बुडाला. ढिवर मंडळी सकाळपासून डोंगे घेऊन शोधत होती. दुपारी बचाव पथक आलं तेव्हा गावातली पोरं त्यांना म्हणाली, 'मॅडमजवळ सर्टिफिकेट आहे, त्यायले बी एक सिलिंडर द्या.' मग माझ्याकडे वळून, 'तुमाले तं येते ना, मॅडम?' मुलाची आई पाळीवर बसलेली होती. मी नाही म्हणाले. माझं कार्ड 18 मीटरपर्यंतचं आहे, पण जशा पाण्यात शिकले तशाच पाण्यापुरतं. तिथे हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती, खाली कमळाचे देठ आणि तुटकी जाळी. शोधाचं प्रशिक्षण वेगळं असतं, ते मी घेतलेलं नाही. काही जण अजून नाराज आहेत. दिवाळीनंतरचं कार्ड आणि नुसता उत्साह असता तर कदाचित मी उतरले असते, हा विचार रात्री झोपू देत नाही.

कोर्स करावा का, असं शाळेतल्या दोघांनी विचारलं. करा, मी सांगितलं. पण पैसे भरायच्या आधी विचारा : एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, आणि एखादं स्किल आलं नाही तर चौथा दिवस मिळेल का. येत्या दिवाळीला मी मेच्याच सेंटरकडे नाव नोंदवलं आहे. डॉक्टरांचं पत्र आधीच पाठवलं आणि परतीचं तिकीट शेवटच्या डाइव्हनंतर दोन दिवसांनी काढलं आहे.