वेळास की मालवण? समुद्री जीव बघायला कोकणात निघण्याआधी

फेब्रुवारी संपत आला की ओळखीच्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. तीन दिवसांची सुट्टी आहे, मुलांना समुद्रातलं काहीतरी खरंखुरं दाखवायचंय, तर वेळासला जाऊ की मालवणला? परवा मावसबहिणीनं हेच विचारलं आणि तिला सांगता सांगता पाऊण तास गेला. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. दोन्ही ठिकाणी मी दोन-तीनदा जाऊन आले आहे, मुलांना घेऊन आणि आईला घेऊनही.

पहिली गोष्ट, दोन्ही एकाच फेरीत बसवायला जाऊ नका. नकाशात दोन्ही कोकणातच दिसतात, पण वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाशी आहे. मालवण पार सिंधुदुर्गात. मध्ये अख्खा रत्नागिरी जिल्हा पसरलाय, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं तर दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. तीन दिवसांतला एक गाडीतच जाईल.

वेळास मुंबई-पुण्याहून साधारण दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. रेल्वे मात्र जवळ नाही. स्वतःची गाडी असेल तर हरिहरेश्वरकडून बागमांडल्याला यावं आणि गाडी फेरीबोटीत घालून खाडीपलीकडे वेसवीला उतरावं. मुलांना तेवढी फेरीबोटसुद्धा पुरते. मालवण मुंबईहून पाचशे किलोमीटरच्या घरात, पण तिथं कोकण रेल्वे मदतीला आहे. रात्री गाडीत बसायचं, सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून तासाभरात मालवण.

वेळास: वाट बघण्याची तयारी हवी

वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज मात्र ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं इथं काम सुरू केलं, तेव्हा कासवाची अंडी उकरून खाल्ली आणि विकली जात होती. ज्यांना किनाऱ्यावरचे माग ओळखता येत होते त्याच गावकऱ्यांना हाताशी धरून राखणीचं काम उभं राहिलं. पुढं कासव महोत्सव सुरू झाला आणि येणाऱ्या लोकांना गावातल्या घरांमध्येच उतरवायची पद्धत पडली. मला या सगळ्यात हेच सर्वांत मोठं वाटतं. गावाला कासवापासून चार पैसे मिळू लागले आणि अंडी वाळूत सुरक्षित राहिली.

ओडिशात गहिरमाथ्याला हजारो माद्या एकदम किनाऱ्यावर येतात. आपल्याकडे तसं होत नाही. इथं एखादी मादी रात्री एकटीच येते, पुळणीवर भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लांना ती पुन्हा कधी भेटत नाही. पहाटे कासवमित्र, म्हणजे राखण करणारे गावकरी, किनारा चालत जातात. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की त्याच्या टोकाशी घरटं शोधतात आणि अंडी हलक्या हातानं काढून हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायला कुंपण घालून राखलेल्या वाळूत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. तसं केलं नाही तर कोल्ही, कुत्री आणि घोरपडी त्यांचा फडशा पाडतात. प्रत्येक घरट्यापाशी पाटी असते: अंडी कोणत्या तारखेला सापडली आणि किती. वाळूच्या उबेनुसार साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात. पिल्लू नर होणार की मादी हेही त्या उबेवरच ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं आलेली असली तर ती पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. हातानं नेऊन पाण्यात टाकत नाहीत, तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. आम्ही दोरीच्या अलीकडे बसलो होतो. धाकटीच्या मुठीत मावेल एवढं, राखाडी-काळं पिल्लू. आधी थोडा वेळ नुसतंच पडून राहिलं. मग उजवा पुढचा पाय, डावा पुढचा पाय. मागं वाळूत उमटलेली रेघ गोधडीच्या धावदोऱ्यासारखी, एक टाका इकडे, एक टाका तिकडे. पाण्याजवळ पोचलं आणि लाटेनं उचलून चार हात मागं आणून उलटं टाकलं. मान ताणून सरळ झालं, पुन्हा निघालं. तिसऱ्या लाटेबरोबर गेलं. शंभरेक माणसं होती तिथं, आणि लाटेशिवाय कसलाच आवाज नव्हता. त्यातलं हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. मुलीनं परतीच्या वाटेवर हाच आकडा तीनदा विचारला.

पण हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याआधीच्या वर्षी आम्ही दोन दिवस राहिलो, चार वेळा किनाऱ्यावर गेलो आणि एकही पिल्लू दिसलं नाही. टोपल्या उचलल्या, खाली नुसती वाळू. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी वेळासला जाऊच नये. तिथं वेळ भरून काढायला दुसरं फारसं नाही, आणि असू नये असं मला मनापासून वाटतं. बाणकोटचा किल्ला आहे, वरून सावित्रीचं मुख छान दिसतं. नशिबात असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसतो. मोठ्या झाडाच्या शेंड्यावरचं त्याचं काट्याकुट्यांचं घरटं आम्हाला घरमालकांनी दाखवलं होतं. बाकी केळीच्या पानावरचं जेवण, सोलकढी, मोदक, आणि रात्री पडवीत गप्पा. किनारा गावाला लागून नाही, पायी जावं लागतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी आधी नीट विचारून घ्यावं. पोहण्यासाठी हा समुद्र नव्हे.

वेळासला गर्दीचं फार वाटत असेल तर दापोली तालुक्यातलं आंजर्लं बघा. कासवं तिथंही आहेत, कड्यावरचा गणपती आहे, आणि हर्णैचा मासळीचा लिलाव व समोरचा सुवर्णदुर्ग जवळच. खाली गुहागरलाही हॅचरी आहे. गुहागरला जानेवारी २०२५ मध्ये एक मादी अंडी घालायला आली, तिच्या पायावर बिल्ला होता. तो बिल्ला २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथ्याला लावलेला निघाला. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची कासवं वेगळी असावीत असा समज होता. ही मात्र दक्षिणेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर पोहून आलेली. मुलांना नकाशा पुढ्यात घेऊन ही गोष्ट सांगा, मग किनाऱ्यावर न्या.

मालवण: पाण्यात उतरायचं असेल तर

मालवणला वाट बघावी लागत नाही. दिवसाला चार गोष्टी करता येतात, आणि एखादी फसली तरी दुसरी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. खडकाळ तळ, त्यावर प्रवाळ, आणि म्हणून मासे. स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून वरच्या वर तरंगत खाली बघणं) आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणं) यांसाठी लोक येतात ते इथंच. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे.

अपेक्षा मात्र आधीच ठरवून जा. अंदमानसारखं आरपार निळं पाणी इथं मिळत नाही. नद्यांचा गाळ येतो, वारा फिरला की पाणी गढूळ होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात स्वच्छ. तरीही पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडल्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा अंगावरून जातो, तेव्हा पाणी किती स्वच्छ आहे याचा हिशेब कुणी करत नाही. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा साधी सर्दी असेल तरी स्कूबा करू नका. सर्दीत कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. परतीचं विमान असेल तर स्कूबा पहिल्या दिवशीच उरका. पाण्यातून बाहेर आल्यावर किमान बारा तास, शक्यतो दिवसभर, विमानात बसायचं नसतं.

एका गोष्टीचा मला अजून राग आहे. आम्हाला नेणाऱ्या माणसानं मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करून टाकला. फोटो छान आले. पण खडकावरचं शेवाळ खाणारे मासे पावाला सवकले की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतं. वर आमच्यातले दोघं दम खायला प्रवाळावरच उभे राहिले, त्यांना कुणी अडवलं नाही. प्रवाळ हा जीव आहे, आणि वर्षाला फार थोडा वाढतो. पैसे देण्याआधी दोन वाक्यं बोलून घ्या: पाव टाकायचा नाही, आणि नांगर प्रवाळावर टाकायचा नाही. ऐकणारे लोक आहेत. त्यांच्याकडेच जा.

ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी मालवणचं रॉक गार्डन आहे, आणि लोक तिथं फक्त सूर्यास्त बघतात याचं मला वाईट वाटतं. ओहोटीला खडकांत जी डबकी उरतात त्यांच्यापाशी अर्धा तास उकिडवं बसा. आधी काही दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा आहे. खडकाला चिकटलेलं फूल सावली पडताच मिटतं, ते समुद्रफूल, तोही प्राणीच. आईला सत्तराव्या वर्षी हे सगळं बसल्या जागी बघता आलं, रुपयाचाही खर्च नाही. ओहोटीची वेळ कशी ओळखायची? कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या पुढं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत खाली जातं, तेव्हाच जा. थोडंफार पुढंमागं होतं, आणि भरती लागली की लगेच परत फिरायचं.

डॉल्फिनसाठी मालवण-देवबागपेक्षा मला खाली निवती-भोगवे आवडतं. होड्या कमी, समुद्र मोकळा. इथले डॉल्फिन बहुतेक हम्पबॅक जातीचे, पाठीवर कुबड आणि त्यावर बारीक पर. टीव्हीवरच्यासारख्या उड्या क्वचितच मारतात. पाठ वर येते, ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो, पाठ बुडते. तो श्वास ऐकायचा तर इंजिन बंद हवं. एकदा पाच-सहा होड्यांनी मिळून एका मादीला आणि तिच्या पिल्लाला घेरलेलं मी पाहिलंय. दोघंही बुडी मारून गेली ती पुन्हा वर दिसलीच नाहीत. दुसऱ्या खेपेला सकाळी लवकर निघालो, होडीवाल्या काकांना आधीच सांगितलं की पाठलाग नको. त्यांनी इंजिन बंद करून होडी सोडून दिली आणि पंधरा मिनिटांत डॉल्फिन आपणहून बाजूनं गेले.

निवतीहून आणखी खाली वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. तिवर आणि चिप्पी कशी ओळखायची, चिखलातून वर आलेली मुळं श्वास कशी घेतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं. माझ्या मते सिंधुदुर्गातला सगळ्यात चांगला तास तोच.

मग कुठं?

महिना बघा. डिसेंबर-जानेवारी असेल तर मालवण, प्रश्नच नाही, कारण वेळासला तेव्हा अंडी वाळूत असतात. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिलचा मध्य असेल आणि घरात सहा ते बारा वर्षांचं मूल असेल, तर मी वेळास म्हणेन, रिकाम्या हाती परतायचा धोका धरूनसुद्धा. त्याहून लहान मुलांना पहाटेचं उठणं आणि शांत बसणं जमत नाही. कॉलेजातली मुलं, पोहणारी मंडळी, मासे खाल्ल्याशिवाय कोकणात गेल्यासारखं न वाटणारी मंडळी, यांनी मालवण. खर्च वेळासला कमी, कारण राहणं-जेवणं सोडलं तर पैसे टाकायला काही नाही. पावसाळ्यात दोन्हीकडे नको. तेव्हा कासवं नसतात आणि मालवणच्या होड्याही बंद असतात.

मार्चमध्ये मालवणचंच तिकीट काढून झालं असेल तर हळहळू नका. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही कासवांची घरटी असतात, एक सकाळ तिकडे ठेवा.

आणि वेळास ठरलं तर निघण्याच्या आदल्या दिवशी घरमालकांना फोन करून एवढंच विचारा: पन्नास दिवसांच्या आसपास आलेली घरटी किती आहेत? तीन-चार म्हणाले तर डोळे मिटून निघा. एकही नाही म्हणाले तर आठवडाभर थांबता येतं का बघा. ते खरं तेच सांगतात.