थ्रीएम ११०० इअर प्लग: पाकिटावर २९, कानात किती?

प्रेस शॉप, ग्राइंडिंग किंवा कॉम्प्रेसर रूमसाठी स्टोअरमधून हमखास मिळणारा नारिंगी फोमचा प्लग तो हाच. खोक्यात २०० जोड्या, पॉलियुरेथेनचा मऊ फोम, आकार निमुळता, पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने धूळ फारशी धरत नाही. माल चांगला आहे. घोळ होतो तो घालण्यात.

पाकिटावरचा एनआरआर (प्लग आवाज किती डेसिबलने कमी करतो तो अंक) २९ हा प्रयोगशाळेतला आकडा. ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेचा सावध हिशोब असा: २९ मधून ७ वजा करा, उरलेल्याचे निम्मे घ्या. हाती येतात ११. म्हणजे मशीनपाशी आवाज १०० डीबीए (कानाला जाणवेल तसा मोजलेला डेसिबल) असेल तर कानाला ८९ पोहोचतो असे धरायचे. आपल्या कारखाना नियमांत ८ तासांना मर्यादा ९०ची आणि १००ला फक्त २ तास, तेव्हा काम जेमतेम भागते. ११० डीबीएच्या फोर्जिंग हॅमरजवळ नुसता प्लग पुरत नाही; वरून इअर मफ (हेडफोनसारखे कान झाकणारे साधन) हवाच.

हे ११सुद्धा प्लग नीट बसला तर. सुरकुती न पाडता तो बोटांत बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून २० ते ३० सेकंद बोटाने दाबून धरायचा. घाईत बोट लगेच काढले की फोम बाहेरच फुगतो आणि निम्मा प्लग कानाबाहेर राहतो. तपासायला सोपे आहे: मशीन चालू असताना दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज ठळक कमी झाला, तर प्लग सैल आहे. वळायला हात स्वच्छ लागतात, म्हणून डिस्पेन्सर मशीनशेजारी नको, बेसिनपाशी लावा. हा प्लग धुऊन पुन्हा वापरायचा नसतो. जोड्या मोजून देणाऱ्या स्टोअरकीपरला हे एकदा सांगून ठेवावे.

खरी उणीव मापाची. कानाची नळी अरुंद असेल, विशेषतः अनेक स्त्रियांना, तर हा दाटतो, दुखतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर खिशात जातो. १०० डीबीएमध्ये ४ तास उघड्या कानाने गेले की दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट मात्रा झाली. उरलेली पाळी प्लग घालून ती भरून निघत नाही. ऑपरेटरला मेमो देण्याआधी लहान मापाचा प्लग किंवा मफ देऊन बघा. चष्मेवाल्याला मफ देताना जपून, काडीपाशी फट राहते.

८५ डीबीएच्या आसपासच्या पॅकिंग विभागात, जिथे फोर्कलिफ्ट फिरते, तिथे मात्र हा घेऊ नका. हॉर्न ऐकू येणार नाही. कमी एनआरआरचा प्लग पुरे. याचाच दोरीवाला प्रकार १११० हरवत नाही, पण फिरत्या शाफ्टजवळ दोरीच धोक्याची.