डेसमॉस, जिओजेब्रा आणि बीजगणिताचा गृहपाठ : काही महिने वापरून झाल्यावर

आमच्या घरात यंदा एक दहावी आणि एक अकरावी सायन्स आहे, म्हणजे टीव्हीला जवळजवळ सुट्टीच. धाकटा मराठी माध्यमात, त्याचं गणित भाग १, म्हणजे बीजगणित. थोरली ऐरोलीहून ठाण्याला कॉलेजला जाते, तिचं सगळं इंग्रजीतून, आणि 'फंक्शन्स' (एका संख्येवरून दुसरी एकच संख्या ठरवणारे नियम) या प्रकरणाने तिला सुरुवातीलाच चांगलं दमवलं. मी कॉमर्सची. वर्गसमीकरणापर्यंत मी सोबत करू शकते, पुढे माझाही उजेडच. पावसाळ्यापासून मोबाईलवर आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही जे जे वापरलं त्याबद्दल लिहितेय, कारण सोसायटीतल्या आया सारख्या विचारतात की कुठलं ॲप घेऊ. (पुस्तकात एक्स-वाय असतात, मी इथे क्ष-य लिहिते.)

आधी किमतीचं. आम्ही ज्या दोन गोष्टींवर शेवटी स्थिरावलो, डेसमॉस आणि जिओजेब्रा, त्या दोन्ही विद्यार्थ्यांना फुकट आहेत. डेसमॉसचा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर २०११ पासून आहे. ब्राउझरमध्ये चालतो, आणि ॲप उतरवून घेतलं की आलेख काढायला नेटही लागत नाही. अमेरिकेतल्या डिजिटल सॅट या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत हाच कॅल्क्युलेटर पेपरच्या आत बसवलेला असतो, त्यामुळे दर्जाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. जिओजेब्रा, आलेखांबरोबर भूमितीही करणारं, त्याहून जुनं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केलं.

पण या दोन्हींकडून 'गृहपाठ करून मिळेल' ही अपेक्षा ठेवू नका. डेसमॉस पायऱ्या दाखवत नाही. समीकरण टाइप केलं की चित्र येतं, बस. बहुतेक पालक इथेच नाराज होतात आणि फोटो काढून उत्तर देणाऱ्या ॲपकडे वळतात. आम्हीही एक तसलं घेतलं होतं. नाव सांगत नाही, अशी बरीच आहेत आणि सगळ्यांचा स्वभाव थोडाफार सारखाच असावा.

त्या ॲपचा नमुना सांगते. धाकट्याला हे गणित होतं :

९९क्ष + १०१य = ४९९
१०१क्ष + ९९य = ५०१

दहावीचं मूल हे बघून घाबरतं, पण युक्ती कळली तर दोन ओळींचं काम आहे. दोन्हींची बेरीज केली की २००क्ष + २००य = १०००, म्हणजे क्ष + य = ५. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की २क्ष − २य = २, म्हणजे क्ष − य = १. झालं, क्ष = ३ आणि य = २. ॲपने काय केलं? पहिल्या समीकरणातून क्षची किंमत काढली, तिच्याखाली ९९ चा छेद, ती दुसऱ्यात घातली आणि मग स्क्रीनभर अपूर्णांक. उत्तर बरोबर. धाकट्याने ते इमानदारीने वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांनी विचारलं, "हे छेद कुठून आणलेस?" तर याला सांगता येईना. पुढचं गणित 'क्रेमरच्या पद्धतीने सोडवा' असं होतं, तिथे ॲपने पुन्हा आपलीच पद्धत चालवली. बोर्डात पद्धत सांगितलेली असते तेव्हा गुण निश्चयकाला (त्या पद्धतीत सहगुणकांची चौकट मांडून काढलेल्या संख्येला) असतात, नुसत्या ३ आणि २ ला कोण विचारतो. शाब्दिक उदाहरणांत तर ते ॲप मराठी मजकूर वाचतच नव्हतं. महिनाअखेरीस काढून टाकलं.

गंमत म्हणजे हेच गणित डेसमॉसमध्येही नीट दिसत नाही. दोन्ही रेषांचे चढ −०.९८ आणि −१.०२ च्या आसपास आहेत, त्यामुळे नेहमीच्या चौकटीत जवळजवळ एकच रेघ दिसते, कडेला किंचित फाटलेली. धाकटा म्हणाला, "ताई, ही तर एकच रेषा आहे, म्हणजे अनंत उत्तरं." तिने दोन बोटांनी चित्राची कड मोठी करत नेली, तिथे रेषा सुट्या दिसल्या, आणि रेषेवर बोट ठेवल्यावर (३, २) हा छेदनबिंदू आला. मला ही दहा मिनिटं त्या ॲपच्या महिन्यापेक्षा मोलाची वाटली. डोळ्यांना एक दिसतं म्हणून ते एक नसतं, चढ तपासावे लागतात, हे त्याला कोणी भाषण न देता कळलं. आलेखाच्या कागदावर पेन्सिलने काढून हा छेदनबिंदू शोधणं तसंही अवघडच आहे.

दहावीसाठी सगळ्यात उपयोगी पडला तो स्लायडर. य = क्ष² − ४क्ष + क असं टाकायचं. क या अक्षराला किंमत दिलेली नसते, म्हणून डेसमॉस स्वतःहून विचारतं की याचा स्लायडर करू का. मग बोटाने क सरकवायचा. क = ३ असताना वक्र आडव्या अक्षाला १ आणि ३ वर कापतो. क = ४ झाला की २ वर नुसता टेकतो. क = ५ केला की अक्षाच्या वरच तरंगत राहतो. विवेचक (वास्तव उत्तरं दोन, एक की एकही नाही हे सांगणारी संख्या) धन, शून्य, ऋण असं पुस्तकात तीन ओळींत दिलेलं असतं आणि पोरं ते पाठ करतात. हे बघितल्यावर धाकटा 'बुडली, टेकली, तरंगली' असंच म्हणायला लागला. उत्तरपत्रिकेत तसं लिहू नकोस एवढं सांगावं लागलं.

आता अकरावीकडे. थोरलीच्या नोट्समध्ये लिहिलं होतं की (क्ष − ३)² चा आलेख उजवीकडे सरकतो. वजा आणि उजवीकडे? हे तिने पाठ केलं होतं, पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. (क्ष − अ)² + ब असे दोन स्लायडर लावून ती बराच वेळ खेळत बसली. मग स्वतःच म्हणाली, "आई, कंस शून्य कधी होतो बघ ना. क्ष ३ असतो तेव्हा. म्हणजे तळ ३ वरच जाणार." त्यानंतर हा प्रश्न आमच्या घरात संपला.

दुसरं, वर्गमुळाची समीकरणं. √(क्ष + ५) = क्ष − १ हे घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ३क्ष − ४ = ०, उत्तरं ४ आणि −१. तिने दोन्ही लिहून ठेवली होती. डेसमॉसमध्ये डावी बाजू एक आलेख, उजवी बाजू दुसरा, असं काढलं तर ते एकदाच भेटतात, (४, ३) वर. मग −१ आलं कुठून? तिने तिसरी ओळ टाकली, य = −√(क्ष + ५), आणि ती बरोबर (−१, −२) वर त्या सरळ रेषेला भेटली. वर्ग करताना अधिक-उणे हा फरक पुसला जातो, म्हणून खालच्या अर्ध्या वक्राचं उत्तरही आत घुसतं. उत्तर मूळ समीकरणात घालून तपासा असं सर सांगतातच, पण ते का तपासायचं हे चित्रात दिसलं. माझ्या मते या साधनाचा खरा उपयोग हाच, वहीत सोडवून झालेलं उत्तर त्याच्यासमोर उभं करणं.

तिसरं रिक्षाचं, हे आमचं घरगुती. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला, आणि त्यापुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. कॉलेजात तुकड्यातुकड्यांनी दिलेलं फंक्शन शिकवत होते, तेव्हा थोरलीने हेच टाकलं. दीडपर्यंत य = २६, पुढे य = २६ + १७.१४(क्ष − १.५). महिरपी कंसात अट लिहिली की डेसमॉस तेवढ्याच भागात रेघ काढतं. आधी सपाट आणि दीडवर मोडून चढती. ४ किलोमीटरला ६८.८५ आलं, म्हणजे ६९ रुपये. वर ती म्हणते, "अंतर सांगितलं की भाडं एकच, म्हणजे हे फंक्शन. पण २६ रुपये झाले म्हणून किती अंतर गेलो ते सांगता येत नाही, अर्धा असेल, सव्वा असेल. म्हणजे हे वन-वन नाही, याचं इन्व्हर्स, म्हणजे उलटं फंक्शन, नाही." मीटरने यायला तयार होणारा रिक्षावाला मिळाला तर हे सगळं, नाहीतर शेअर रिक्षाचं फंक्शन स्थिर.

एक धोकाही सांगते, तो कुठल्याही आलेखाच्या साधनात आहे. य = (क्ष² − ४)/(क्ष − २) टाकलं तर चक्क सरळ रेषा दिसते, क्ष + २ ची. क्ष = २ ला खाली शून्य येतं, तिथे हे फंक्शनच नाही, पण एका बिंदूचं भोक चित्रात नजरेला दिसत नाही. कोष्टक उघडून क्षच्या जागी २ टाकला तर 'अनडिफाइंड' येतं. डोमेन, म्हणजे क्षच्या चालणाऱ्या किमती, आधी वहीत काढायचं आणि मग चित्र बघायचं, हा क्रम थोरलीने त्यानंतर पाळला. दुसरं म्हणजे अक्षांची मापं. उभ्या आणि आडव्या अक्षाचं प्रमाण वेगळं झालं की एकमेकींना लंब असलेल्या रेषा तिरक्या दिसतात आणि मूल उगाच आपलं गणित खोडतं.

जिओजेब्राबद्दल थोडक्यात. आलेखाला डेसमॉस हाताळायला सोपं वाटतं. पण जिओजेब्रात अवयव पाडणारा, समीकरण अक्षरांतच सोडवणारा भाग आहे, आणि धाकट्याच्या भाग २ साठी, भूमितीच्या रचनांसाठी तेच कामाला आलं. स्पर्शिका काढून बिंदू ओढला की सगळं एकत्र हलतं. लहान फोनवर मात्र मेनू फार दाटीचे होतात, लॅपटॉप बरा.

एआय चॅटबॉटही मधे वापरला. 'वर्ग केल्यावर जादा उत्तर का येतं' असं नेमकं विचारलं तर छान समजावलं, मराठीतून विचारलं तर मराठीतून. पण आलेखाचा फोटो देऊन छेदनबिंदू विचारला तेव्हा चुकीचा आकडा इतक्या ठामपणे दिला की डेसमॉस उघडून खात्री करावी लागली. शंका विचारायला ठीक, आलेख वाचायला नको.

क्लास बंद करून हे चालेल का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही. पायऱ्या कशा मांडायच्या, कुठे गुण कापतात, हे सरच सांगतात. शिवाय बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, सीईटीला नाही, जेईई मेनला नाही. म्हणून आमच्याकडे आलेख आधी कागदावर, एका रेषेला तीन बिंदू घेऊन, मगच लॅपटॉप. धाकटा कटकट करतो, पण तिसरा बिंदू रेषेवर बसला नाही की चूक त्याची त्यालाच सापडते.

अकरावीवाल्यांसाठी एक सेटिंग. डेसमॉस कोन आपणहून रेडियनमध्ये (कोन मोजायचं अंशांहून वेगळं एकक) धरतं. पान्याच्या चिन्हात जाऊन डिग्री निवडता येते, पण मग नेहमीच्या −१० ते १० च्या चौकटीत साईनचा आलेख जवळजवळ सपाट दिसतो आणि पोरांना वाटतं ॲप बिघडलं. तिथेच आडव्या अक्षाच्या मर्यादा −३६० ते ३६० आणि उभ्या अक्षाच्या −२ ते २ करा, लाटा लगेच दिसतात.